बटण दाबलं, पुढे काहीच नाही

या वेळची बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत, घरचा कॉम्प्युटर चालू होत नाही. पण नीट वाचलं तर प्रत्येकाचं "चालू होत नाही" वेगळं आहे. कुणाचा पंखासुद्धा फिरत नाही, कुणाचा पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, कुणाच्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येते आणि तिथेच सगळं अडकतं. ही दुखणी वेगळी, त्यांचे पार्ट वेगळे आणि खर्चही वेगळा. म्हणून कुणालाही फोन लावायच्या आधी आपलं मशीन कुठपर्यंत जाऊन थांबतंय ते बघा आणि रिपेअरवाल्याला तेच सांगा. नुसतं "बंद पडलाय" सांगितलं की तो अख्खं कॅबिनेट उचलून नेतो, आणि त्याच्याबरोबर तुमचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, सोसायटीचे हिशोब असं सगळंच घराबाहेर जातं.

प्रश्न : परवा रात्री आमच्या बिल्डिंगची लाइट सारखी जात-येत होती. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा नाही, लाइट नाही, आवाज नाही. सहा-सात वर्षं जुना डेस्कटॉप आहे. मुलगा म्हणतो मदरबोर्ड जळला, आता नवीनच घेऊया. खरंच तसं असेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : काका, नवीन घ्यायचं एवढ्यात मनात आणू नका. एकदम गप्प पडलेला कॉम्प्युटर बघून भीती वाटते हे खरं, पण अशा वेळी बऱ्याचदा मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत, वीज पोचतच नसते, आणि ती कुठे अडलीय हे भिंतीपासून सुरुवात करून एकेक टप्पा बघत गेलं तर घरीच कळतं.

आधी बोर्डावरच्या त्याच सॉकेटमध्ये साध्या पिवळ्या बल्बचा टेबल लॅम्प लावून बघा, एलईडीचा नको. मोबाइलचा चार्जर नको, कारण चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो, त्यामुळे व्होल्टेज कमी येत असेल तरी तो तक्रार करत नाही, दिवा मात्र मंद पेटतो आणि लगेच दिसतं. मग एक्सटेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला काढा आणि कॉम्प्युटरचा प्लग सरळ भिंतीत लावा. आपल्याकडे घरोघरी तो छोटा यूपीएस असतो ना, त्याच्यात १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते, ती साधारण दोन-तीन वर्षांत संपते, आणि बॅटरी पूर्ण मेली की बरेच यूपीएस भिंतीत लाइट असूनही पुढे वीज सोडत नाहीत. लोक कॉम्प्युटर घेऊन दुकानात जातात, तिथे तो पहिल्या फटक्यात चालू होतो, घरी आणला की परत बंद, आणि दोष यूपीएसचा निघतो.

तेवढ्याने झालं नाही तर कॅबिनेटची पॉवर केबल काढून मॉनिटरची लावून बघा, बहुतेक मॉनिटरना तीच केबल असते. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे ज्यात ही केबल जाते त्या पत्र्याच्या डब्यावर, एक काळं बटण असतं, एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. रेघेची बाजू दाबलेली पाहिजे. झाडलोट करताना ते बंद होऊन जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काही जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाची सरकपट्टीही असते, ११५ आणि २३० लिहिलेली, ती २३० वरच राहू द्या. आपली लाइट २३० व्होल्टची आहे, पट्टी ११५ वर सरकली आणि कुणी बटण दाबलं तर एसएमपीएस तिथल्या तिथे उडतो.

आता तुमच्या केसमध्ये महत्त्वाचं. लाइट जाताना-येताना व्होल्टेज उसळी मारतं आणि चांगला एसएमपीएस स्वतःला वाचवायला म्हणून स्वतःच बंद होतो, आणि वीज पूर्ण तोडल्याशिवाय परत उठत नाही. तेव्हा प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटचं पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाईल, मग थोडं थांबून परत प्लग लावा आणि चालू करा. हे जरूर करून बघा, खर्च शून्य आहे.

अजूनही काही नाही तर मुलाला कॅबिनेटची बाजू उघडायला सांगा. प्लग लावलेला असताना मदरबोर्डवर कुठे बारीक लाइट लागलीय का ते हात न लावता नुसतं बघायचं. लागली असेल तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे आणि कदाचित पुढचं बटणच बिघडलंय. मग प्लग काढून, पॉवर बटणाची बारीक वायर मदरबोर्डच्या पिनांवरून काढून तिथे रीसेट बटणाची वायर लावायची आणि रीसेट दाबून चालू करून बघायचं. लाइटच नसेल तर संशय एसएमपीएसवर, आणि तो बदलला की बहुतेक वेळा काम भागतं. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, नवीन मिळेल. जुन्यावरच्या लेबलचा फोटो काढून न्या, वॅट तेवढे किंवा थोडे जास्त घ्या आणि अगदीच स्वस्तातला, नाव नसलेला घेऊ नका, कारण वाईट एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी जा. आणि तो डबा घरी कुणीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते.

यापुढे लाइट गेली की प्लग काढून ठेवा, आणि आल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग लावा.

प्रश्न : गणपतीला गावी गेलो होतो, येऊन बघतो तर कॉम्प्युटरचा पंखा फिरतो, लाइट लागते पण मॉनिटरवर "नो सिग्नल". आतून सारखा टूं... टूं... असा आवाज येतो. जाताना व्यवस्थित चालू होता. आम्ही वर्सोव्याला समुद्राजवळच राहतो.
— एक वाचक भगिनी, वर्सोवा

उत्तर : ताई, आवाज येतोय हे चांगलं आहे. मदरबोर्ड जिवंत आहे, त्याने स्वतःची तपासणी सुरू केली आणि जिथे अडलं ते तो सांगतोय. सारखा-सारखा येणारा बीप बहुतेक मदरबोर्डवर रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा असतो, एक लांब आणि दोन आखूड असा आला तर बऱ्याचदा ग्राफिक कार्डाचा, म्हणजे स्क्रीनला चित्र पाठवणाऱ्या पार्टचा. कंपनीप्रमाणे हे बदलतं, म्हणून तुमच्या मदरबोर्डचं नाव टाकून मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नवीन बोर्डांवर स्पीकर नसतो, त्याऐवजी काहींवर चार बारीक लाइटी असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड) आणि बूट (डिस्क) अशा, जी पेटून राहील तिथे दुखणं.

समुद्राची खारी दमट हवा, त्यात पावसाळा, आणि मशीन बंद. रॅमच्या पट्टीला खाली जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर बारीक थर धरतो आणि स्लॉटशी त्यांचा संपर्क तुटतो. उपाय अगदी घरगुती आहे. प्लग काढा, कॅबिनेट आडवं ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल, मग रॅमच्या टोकाची क्लिप बाजूला करून पट्टी सरळ वर काढा. शाळेतलं पांढरं खोडरबर घ्या आणि सोनेरी दातांवरून हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा, चुरा कोरड्या सुती कापडाने पुसून टाका. स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा, तोंडाने फुंकर घालू नका, फुंकरीबरोबर ओलच आत जाते. परत बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेवर आली पाहिजे आणि क्लिप कट्ट आवाज करून लागली पाहिजे, अर्धवट बसलेली रॅम हे बीपचं फार मोठं कारण आहे. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी, म्हणजे खराब असेल तर कुठली ते कळेल.

आवाज थांबला आणि तरी स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डालाच लागली पाहिजे, साफसफाईनंतर ती मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली जाते आणि मग तासभर डोकं फिरतं. एवढं करूनही बीप गेला नाही तरच रॅम बदलायचा विचार करा.

तुमच्यासारख्या समुद्राकाठच्या घरांसाठी एक मनापासून सांगणं, पावसाळ्यात दर दोन-चार दिवसांनी कॉम्प्युटर अर्धा-पाऊण तास तरी चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. झाकायला प्लॅस्टिक नको, त्यात ओल कोंडते, जुनी कॉटनची ओढणी किंवा चादर घाला.

प्रश्न : रोज चालू करताना "एफ १ दाबा" असं येतं आणि तारीख कितीतरी वर्षं मागची दाखवतो. मग इंटरनेटही धड चालत नाही.
— एक विद्यार्थी, गोरेगाव

उत्तर : मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून जुना काढ, नवीन बसव, लिहिलेली बाजू वर, मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ लावून सेव्ह कर. इंटरनेट अडतं कारण वेबसाइटची सुरक्षा तारीख बघून तपासली जाते, तारीख चुकीची असली की ब्राउझर पान उघडायला नकार देतो. जुना सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस, गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते.

प्रश्न : चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं येतं आणि पुढे जात नाही. जवळच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवला, तो म्हणाला विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो, उद्या घेऊन जा. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे सगळे फोटो आणि त्यांनी टाइप करून ठेवलेलं लिखाण याच कॉम्प्युटरवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. काय करू?
— एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, आधी त्याला फोन करा आणि फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून कोरी, करू नको म्हणून सांगा, शक्य असेल तर आजच मशीन घरी आणा, बाकीचं त्यानंतर वाचा.

त्या ओळीचा अर्थ फोटो गेले असा नाही. अर्थ एवढाच की मदरबोर्डला सुरुवात करण्यासारखी डिस्क सापडत नाहीये. डिस्क शाबूत असूनही हे होऊ शकतं. तेव्हा पहिल्यांदा पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क असं जे जे जोडलंय ते सगळं काढून टाका आणि नुसता कीबोर्ड-माउस ठेवून चालू करा, कधी कधी मशीन त्या पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलेलं असतं. तरी तेच आलं तर चालू करताना डिलीट किंवा एफ २ सारखं दाबत राहा म्हणजे बायॉस उघडेल, तिथे तुमच्या हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघा.

नाव दिसत असेल तर जीव भांड्यात पडला समजा. बूटचा क्रम, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम, बदललेला असू शकतो, किंवा वर गोरेगावच्या मुलाला सांगितलं तसा सेल संपून सगळं सेटिंग मूळ पदावर गेलेलं असू शकतं, मग मशीन चुकीच्या पद्धतीने बूट करायला बघतं आणि ही ओळ येते. नाव दिसतच नसेल तर प्लग काढून डिस्कला लागलेल्या दोन्ही केबल, चपटी बारीक आणि पॉवरची, काढून परत घट्ट बसवा, मदरबोर्डच्या बाजूनेही. बारीक सॅटा केबल शंभर-दोनशे रुपयांत येते, ती बदलून बघायला काहीच हरकत नाही.

हे करताना कान डिस्ककडे ठेवा. आतून टक्... टक्... असा ठराविक आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा आणि परत चालू करू नका, "एकदाच बघू" म्हणूनही नाही. आतला हेड खराब झालेला असतो आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तो डिस्कच्या पृष्ठभागावर ओरखडे काढू शकतो, म्हणजे जे वाचलं असतं तेही जातं. अशी डिस्क फक्त डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्या आणि धूळमुक्त खोली असलेल्या ठिकाणी द्यायची. तिथे खर्च भरपूर येतो, आधी लेखी अंदाज मागा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवून चालू करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आपल्या हवेत ती बाहेर काढल्याबरोबर आत-बाहेर पाणी धरेल.

आवाज नाही, नाव दिसतंय, पण विंडोज खरंच बिघडलंय असं निघालं तर क्रम असा ठेवा की आधी फोटो आणि लिखाण बाहेर, मग दुरुस्ती. डिस्क काढून सॅटा-टू-यूएसबी अडॅप्टरने नातेवाइकांच्या चालू कॉम्प्युटरला जोडा आणि सगळं नवीन बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. किंवा कुणी जाणकार असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, चालू करून तेच काम करता येतं, त्यात तुमच्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. जोडल्यावर विंडोजने "ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा" अशी खिडकी दाखवली तर कॅन्सल, दहा वेळा विचारलं तरी कॅन्सल. मिस्टरांचं लिखाण जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल, युनिकोडच्या आधीचं, तर विंडोजमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डरही बरोबर कॉपी करा, फॉन्ट गेला तर फाइल उघडेल पण अक्षरं वाचता येणार नाहीत.

समजा तोपर्यंत फॉरमॅट होऊन गेलेला असेल तरी लगेच हात टेकू नका. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि नुसतं क्विक फॉरमॅट झालेलं असेल तर त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याच फाइल परत मिळतात, म्हणून मशीन बंद करून ती डिस्क वेगळी काढून ठेवा. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, असेल तर फॉरमॅट झाल्यावर ती स्वतःच जुन्या जागा पुसायला घेते, तिथे आशा फार कमी.

आणखी एक. मिस्टरांच्या मोबाइलवर गुगलचं अकाउंट होतं का बघा, कित्येकदा फोटो आपोआप तिथे चढलेले असतात आणि घरच्यांना माहीत नसतं. ते अकाउंट उघडता येत असेल तर आजच उघडा. गुगल दोन वर्षं न वापरलेली अकाउंटं बंद करून त्यातलं सगळं काढून टाकू शकतं, आणि तुमची दोन वर्षं होत आलीयत. हे डिस्कच्याही आधी करा.

बाकी सगळ्या वाचकांना यातून घेण्यासारखं हेच की एसएमपीएस, रॅम, पंखा, मदरबोर्ड यातलं काहीही दुरुस्त करायला तुमची डिस्क लागत नाही. मशीन दुकानात देण्याआधी डिस्क काढून कपाटात ठेवा, चार स्क्रू आणि दोन केबल एवढंच काम आहे. द्यावीच लागली तर पावतीवर "फॉरमॅट करू नये, विचारल्याशिवाय डेटाला हात लावू नये" असं लिहून घ्या. फॉरमॅट मारणं रिपेअरवाल्याला सोपं पडतं, अर्ध्या तासात मशीन चालू होतं आणि गिऱ्हाईक खूश दिसतं, पण चालू झालेलं मशीन बाजारात परत विकत मिळतं आणि माणसाचे फोटो मिळत नाहीत, हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

प्रश्न : विंडोजचं चिन्ह येतं, खाली गोल ठिपके फिरत राहतात, तासभर तसंच. भाऊ म्हणतो विंडोज १० सरकारी फायलीसारखं बंद केलंय, म्हणून चालू होत नाही.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण त्याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले एवढाच, कॉम्प्युटर चालू व्हायचं त्याने थांबत नाही. तुमचं मशीन विंडोजपर्यंत पोचतंय, म्हणजे वीज, रॅम, डिस्प्ले यांच्याकडे बघायची गरज नाही. ठिपके फिरत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, परत चालू करा, असं तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा स्क्रीन येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. अपडेटनंतर लगेच सुरू झालं असेल तर "अनइन्स्टॉल अपडेट्स" घ्या, नाहीतर "स्टार्टअप रिपेअर". इथे ४८ आकडी "रिकव्हरी की" मागितली तर घाबरू नका, डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली आहे, ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. "रीसेट धिस पीसी" सगळ्यात शेवटी. त्यात "कीप माय फाइल्स" निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातातच, टॅली असेल, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल, त्याचं लायसन्स हाताशी आहे ना ते आधी बघा.

प्रश्न : कॉम्प्युटर कधी चालू होतो, कधी दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येतात, पायात चप्पल नसेल तर जास्तच. आमची चाळ खूप जुनी आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुंग्या येणं आधी सोडवा, बटणाचं नंतर. तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाहीये. एसएमपीएसमध्ये लाइटमधला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं मधलं टोक पत्र्याला आणि तिथून अर्थला जोडलेलं असतं. अर्थच नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण एसएमपीएसमध्ये उद्या काही शॉर्ट झालं तर तोच पत्रा पूर्ण लाइटवर येईल आणि त्याला वाट द्यायला अर्थच नसेल.

लायसन्सवाला वायरमन बोलवा, त्याला सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थ येतो का ते मोजायला सांगा आणि बिल्डिंगच्या अर्थपासून हिरवी वायर ओढून घ्या. नळाच्या पाइपाला वायर बांधून देतो म्हणाला तर नको म्हणा, शेजारच्या मोरीत कुणाला तरी झटका बसेल. मीटरच्या पुढे आरसीसीबी बसवता येतो का तेही विचारा, गळती झाली की तो लाइट तोडतो. चाळीतल्या सगळ्यांनी मिळून एकदाच अर्थिंग करून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च कमी येईल. तोपर्यंत कॉम्प्युटर लावू नका. अर्थ झाल्यावरही बटण दोन-तीनदा दाबावं लागत असेल तर एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेत किंवा पुढचं बटण घासलंय, लालबागच्या काकांना सांगितलेला रीसेटच्या वायरचा उपाय आधी करून बघा, त्याने फरक पडला नाही तर एसएमपीएस बदला.